एका वर्षाचे दोन परवाने : गांजा, बंदूक आणि नगर जिल्हा

१/ आजचा धागा लांब आहे, तेव्हा सवडीने वाचावा. विषय अशा दोन वस्तूंचा, ज्यांचे नाव चारचौघांत काढले की वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावतात. एक गांजा, दुसरी जुनी लष्करी रायफल. पहिलीविषयी माझे एक मत आहे आणि दुसरीविषयी जुनी ओढ. दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एका सालाचा आहे : १८७८.

२/ त्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानी शस्त्र कायदा संमत झाला. तो त्या वर्षाचा अकरावा अधिनियम. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात पाचवा अधिनियम म्हणून अबकारी कायदा आला. त्यात दारूसोबत गांजा, भांग, चरस या ‘मादक द्रव्यां’ची निर्मिती, वाहतूक, विक्री आणि बाळगणे हे सारे सरकारी नियंत्रणाखाली गेले. एका कायद्याने भिंतीवरच्या बंदुकीला परवाना आला, दुसऱ्याने वावरातल्या झाडाला. पहिल्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने पुढे अनेक ठराव केले, दुसऱ्याचा गाजावाजा त्या मानाने थोडा झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता दोन्ही कायदे एकाच कचेरीतून आले होते.

३/ आता जागा. नगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर. या जिल्ह्याचे नाव घेताच तरुण वाचकाला बहुधा हिवरे बाजार आठवतो : पाणलोटाची कामे, पोपटराव पवार, ग्रामसभा, २०२० ची पद्मश्री. त्या गावाच्या शिस्तीत नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीने ‘नशाबंदी’ हे कलम आहे, आणि ते केवळ पाटीवर रंगवलेले नाही. गावातील दारूचे गुत्ते लोकांनी खरोखर बंद केले. गंमत अशी, की ज्या जिल्ह्यात हे गाव आहे, तो जिल्हा एके काळी मुंबई इलाख्यातील गांजाच्या मोजक्या लागवड-जिल्ह्यांत गणला जाई. परवान्यावर, सारा भरून, उघड्या वावरात.

४/ पण नगरचा या वनस्पतीशी लिखित संबंध त्याहून जुना आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि गोव्यास स्थायिक झाला. नगरचा बुऱ्हाण निजामशाह हा त्याचा रुग्ण आणि स्नेही. दरबारातील हकिमांशी त्याच्या चर्चा होत. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदी औषधींचे वर्णन आहे आणि त्यात भांगेला स्वतंत्र प्रकरण आहे.

५/ ओर्ता भांगेविषयी काय सांगतो? ती घेणाऱ्याला चिंतेचा विसर पडतो, भूक लागते, झोप येते. हे तो स्वतःच्या अनुभवावरून सांगत नाही, ती घेणाऱ्या नोकरांकडून ऐकून सांगतो. गुजरातच्या बहादूरशाहाची एक गोष्टही त्याने नोंदवली आहे : रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानची सफर करावीशी वाटली, तर सुलतानाला थोडी भांग पुरे होई! विनोद बाजूला ठेवू. सोळाव्या शतकातील एक चिकित्सक नशा आणि गुण या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतो आहे, हे महत्त्वाचे. (ओर्ताच्या नशिबी मात्र विचित्र न्याय आला. तो १५६८ मध्ये वारला, आणि पुढे १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने यहुदी ठरवून त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.)

६/ आपल्या वैद्यकातही हा भेद होता. भावप्रकाशात भांगेची नावे पाहा : भंगा, गंजा, मातुलानी, मादिनी, विजया, जया. ‘मादिनी’ हे नाव नशेची कबुली देते, आणि त्याच ठिकाणी ती पाचक, अग्निदीपक म्हणूनही नोंदवलेली आहे. म्हणजे ‘आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा उर बडवण्याची गरज नाही, आणि ‘हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणण्याचीही नाही.

७/ पाश्चात्त्य वैद्यकात ही वनस्पती शिरली ती कलकत्त्याहून. तेथील मेडिकल कॉलेजातील विल्यम ब्रुक ओशॉनेसी याने १८३९ मध्ये गांजाच्या प्रयोगांवर निबंध प्रसिद्ध केला. धनुर्वात, संधिवात, लहान मुलांचे झटके अशा विकारांत त्याने अर्क देऊन पाहिला. धनुर्वात बऱ्याच रुग्णांत बरा होतो असाही त्याचा दावा होता. आचके शिथिल होतात, वेदना कमी होते, असे त्याने पाहिले. हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानातील तारायंत्राचा जनक ठरला. लहान मुलाच्या झटक्यांची त्याने लिहून ठेवलेली हकीकत ध्यानात ठेवा, तिचा धागा पुढे लागणार आहे.

८/ आता पुन्हा नगरच्या वावरात. गांजाचे पीक म्हणजे नुसते बी फेकून मोकळे होणे नव्हे. नर-रोपे वेळीच उपटून टाकावी लागत, एरवी मादी-रोपांत बी भरून तुऱ्यातील राळ कमी होई. तुरे कापायचे, उन्हात पसरायचे, पायांनी तुडवून चपटे करायचे, पुन्हा वाळवायचे. विक्रीचा हक्क सरकार लिलावाने मक्तेदाराला देई. पिकवणाऱ्याने माल त्याला किंवा परवानाधारकालाच विकायचा. थोडक्यात, पीक शेतकऱ्याचे आणि बाजार सरकारचा. ऊस, कापूस यांच्या आजच्या तक्रारी ऐकताना ही रचना परकी वाटत नाही.

९/ याच सुमारास इंग्लंडात मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती. विल्यम केन या खासदाराने मार्च १८९३ मध्ये पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला, आणि त्यातून ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सभासद सात, पैकी तीन हिंदी. ऑगस्ट १८९३ ते ऑगस्ट १८९४ या वर्षभरात त्यांनी १,१९३ साक्षी नोंदवल्या. अहवाल व पुरावे मिळून तीन हजारांहून अधिक पाने झाली. एका वनस्पतीची इतकी चौकशी तोवर कोणत्याही सरकारने केली नव्हती.

१०/ माझ्या मते आयोगाचे सर्वांत मोलाचे काम वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी तपासण्याचे. ‘गांजाने वेड लागते’ हे तेव्हा सरकारी कागदांत सिद्ध सत्य होते. आयोगाने विचारले, कशावरून? १८९२ या वर्षात दाखल रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा हे कारण लिहिलेले होते. प्रत्येक प्रकरण उलगडून पाहिल्यावर थोड्याफार खात्रीने तसे म्हणता येईल असे उरले ९८, आणि त्यांतही निखळ गांजाचे ६१. बाकीच्यांचे काय? रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून पोलिसाने किंवा कारकुनाने तो भरला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण गाठीशी बांधावे. आकडा छापील असला म्हणजे त्यामागे निरीक्षण असतेच असे नाही.

११/ निष्कर्ष : बेताच्या सेवनाने जवळजवळ काही अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. सरसकट बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही. लागवड मर्यादित करावी, कर वाढवावा, परवाने आवळावेत. गांजाचे आजचे समर्थक हा निष्कर्ष मोठ्या हौसेने सांगतात. ते एक गोष्ट सांगत नाहीत. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. बहुमताचा निष्कर्ष सरकारच्या तिजोरीलाही सोयीचा होता, हे विसरून चालणार नाही. अहवाल प्रामाणिक होता असे मी मानतो. पण प्रामाणिक अहवालही कोणाच्या तरी सोयीचा असू शकतो.

१२/ आता दुसऱ्या परवान्याकडे. या जिल्ह्याने बंदुकीची सारी पिढीजात वंशावळ पाहिली आहे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरची पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला पडला. ते युग गुळगुळीत नळीच्या चकमकी बंदुकीचे. १८५७ मध्ये भागोजी नाईकांच्या भिल्लांनी नगर-नाशिकच्या सरहद्दीवर बंड केले तेव्हा नांदूर शिंगोट्याच्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारला गेला. डोंगरातल्या लोकांच्या हाती तेव्हा बहुतांशी तोड्याच्या बंदुका होत्या, आणि त्याच वर्षी उत्तरेत पेटला तो वणवा नव्या एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून!

१३/ बंडानंतर जे घडले ते रायफलींच्या शौकिनांखेरीज फारसे कोणी सांगत नाही. १८५३ च्या एनफिल्डच्या नळीत पीळ होता. म्हणजे आतून सर्पिल खाचा, ज्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत दूरवर अचूक जाते. हिंदी शिपायांसाठी सरकारने याच बंदुकीचा १८५८ चा नमुना काढला आणि त्यात तो पीळच नाहीसा केला. नळी आतून कोरून गुळगुळीत केली, आणि अंतराप्रमाणे वरखाली होणारी नेमपट्टी काढून साधी, स्थिर बसवली. बाहेरून पाहावे तर तीच बंदूक. आतून तिचे डोळे काढलेले. अविश्वास लोखंडात कोरता येतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

१४/ पुढेही एक पिढी मागे ठेवण्याचा हा दंडक चालूच राहिला. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा हिंदी पलटणी स्नायडरवर होत्या. गोऱ्यांना नवी ली-मेटफर्ड आली, मग मार्टिनी हिंदी शिपायांच्या खांद्यावर उतरली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसे दख्खनमध्ये बनत, पण कोणती बंदूक कोणाच्या हाती द्यायची हे सिमल्यात आणि लंडनमध्ये ठरे.

१५/ नगरच्या किल्ल्याचे एक विसरलेले प्रकरण येथे सांगितले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात पकडलेल्या बोअर कैद्यांपैकी काही नगरला आणून ठेवले होते. आपण नेहरू आणि १९४२ एवढेच जाणतो. हे बोअर शेतकरी ज्या जर्मन माऊझर रायफलींनी लढले, त्यांनी ब्रिटिश लष्कराचे डोळे उघडले : पाच काडतुसांची पट्टी एका दाबाने भरायची, धूर नाही, लांबचा अचूक मारा. त्या धड्यातून आखूड ली-एनफिल्ड जन्माला आली, जिला आपण ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो. दहा काडतुसांची पेटी आणि हात सरावलेला असेल तर चकित करणारा वेग. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींपासून ते स्वतंत्र भारताच्या पोलीस चौकीपर्यंत ही रायफल आली.

१६/ दोन महायुद्धांच्या दरम्यान बंगालातील इशापूरच्या कारखान्याने काय केले पाहा. याच ली-एनफिल्डचे ‘.४१० मस्केट’ बनवले : नळी पुन्हा गुळगुळीत, वापर तुरुंगाचे पहारे आणि दंगलीचा बंदोबस्त. १८५८ चीच युक्ती, नव्या शतकात. शिवाय असा शिपाई फितूर झाला तरी लष्कराचे काडतूस त्याच्या बंदुकीला उपयोगाचे नाही.

१७/ स्वातंत्र्यानंतर हे बदलले असेल, असा आपला समज. शस्त्र कायदा १९५९ मध्ये नवा आला, वंशभेद गेला. पण लष्करी काडतूस नागरिकाच्या बंदुकीत बसता कामा नये, हे सूत्र कायम राहिले. म्हणूनच .३०३ आणि ते .४१० मस्केटसुद्धा ‘प्रतिबंधित बोअर’ मध्ये मोडतात, आणि सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी ली-एनफिल्डच्याच घडणीची पण .३१५ बोअरची रायफल काढली. परवानाधारकांच्या घरी दिसणारी ‘तीनशे पंधरा’ ती हीच. याच कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याचे कलम आहे. रानडुकरांनी भुईमूग उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला एकविसाव्या शतकात कायदा अठराव्या शतकाचे हत्यार सुचवतो!

१८/ मला हे सूत्र मुळात चूक वाटत नाही, हेही सांगून टाकतो. जुन्या रायफलींची ओढ मला त्यांच्या घडणीमुळे आहे : अक्रोडाचा दस्ता, त्यावर ठोकलेले कारखान्याचे शिक्के, एकाच बंदुकीवर दोन-तीन फौजांच्या खुणा. ती बंदूक कागदपत्र आहे, आणि कागदपत्राला गोळी लागत नाही. कायमची निकामी केलेली, पुन्हा दुरुस्त होणार नाही अशी पुराणवस्तू शस्त्र कायद्याच्या कचाट्याबाहेर राहते, हे कलम शहाणपणाचे आहे. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती समोरच्या स्वयंचलित बंदुकांना उत्तर म्हणून हीच थ्री नॉट थ्री होती. संग्रहालयातील वस्तू ड्युटीवर पाठवली की काय होते ते आपण पाहिले. तिच्यावर प्रेम करणाऱ्याने हे आधी कबूल करावे. आणि तुमच्यापैकी कोणाच्या माळ्यावर आजोबांची बंदूक असेल, तर फोटो टाकण्यापूर्वी परवाना तपासा. वारसाहक्काने वस्तू मिळते, परवाना आपोआप मिळत नाही.

१९/ आता गांजाची पुढची कहाणी, थोडक्यात. १९२५ च्या जिनिव्हा करारात हिंदी गांजा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मक्त्याची जुनी व्यवस्था मोडली. (त्याच कायद्यापायी महाराष्ट्रात आजही मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो ‘प्रकृतीस्वास्थ्यासाठी’ दिला जातो. औषधाच्या नावाखाली नशा आम्ही केव्हाच मान्य केली आहे!) १९६१ च्या जागतिक करारात गांजाची व्याख्या तुऱ्यांपुरती ठेवली गेली. सुटी पाने आणि बी बाहेर राहिले, आणि भांग वाचली. १४ नोव्हेंबर १९८५ पासून एनडीपीएस कायदा लागू झाला. त्यातही तीच व्याख्या.

२०/ १९८५ हे साल पुन्हा पाहा. ज्या वर्षी दिल्लीने हा कडक कायदा केला, त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गांजातील मुख्य घटकाचे कृत्रिम रूप, ड्रोनॅबिनॉल, कर्करोगाच्या रसायनोपचारातील ओकाऱ्यांवर मान्य केले. २०१८ मध्ये मुलांच्या दुर्धर अपस्मारावर, ड्रॅव्हेट आणि लेनॉक्स-गॅस्टो या प्रकारांत, कॅनाबिडिऑल मान्य झाले. ओशॉनेसीने १८३९ मध्ये लिहिलेले लहान मुलाचे झटके आठवले? मधल्या १७९ वर्षांत कितीतरी आईबाप त्याच रात्री जागत बसले असतील. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताचे मत बाजूने होते.

२१/ माझे मत असे. वैद्यकीय उपयोगाला विरोध करणे मला अनैतिक वाटते. एनडीपीएस कायद्यातच वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठी दार ठेवलेले आहे. आयुर्वेदिक ‘विजया’ वैद्याच्या देखरेखीखाली देण्याची सोयही आहे. ते दार किलकिले ठेवून भागणार नाही. मात्रा ठरलेली, शुद्धता तपासलेली, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे हवीत, आणि त्यांवर आपल्याकडच्या रुग्णालयांत चाचण्या हव्यात. पण ‘औषध आहे’ म्हणून कोवळ्या वयात चिलीम ओढणे हा निराळा विषय. वाढत्या मेंदूला आणि मानसिक आजाराची प्रवृत्ती असलेल्याला त्यातून अपाय संभवतो. आजचा गांजा १८९४ च्या गांजासारखा राहिलेलाही नाही, त्याची तीव्रता पुष्कळ वाढवलेली आहे. आयोगाचा अहवाल दाखवून आपल्या व्यसनाला प्रमाणपत्र मिळवू नये.

२२/ मग हिवरे बाजारच्या नशाबंदीचे काय? काही मित्र तिला जुनाट नीतिपाठ म्हणतात. मला तसे वाटत नाही. १८७८ चे दोन्ही कायदे ज्यांच्यावर लादले गेले, त्यांना कोणी विचारले नव्हते. हिवरे बाजारात ज्यांच्या घरात दारूने भांडी विकली गेली, तेच लोक ग्रामसभेत बसले होते. त्याच ग्रामसभेने दुष्काळी गावात पाणी पिणारी ऊस आणि केळी ही पिकेही वर्ज्य केली, पाण्याचा ताळेबंद मांडून. पीक कोणते घ्यायचे यावर बंधन तेथेही आहे, इलाख्याच्या काळातही होते. फरक हिशेब कोणाच्या वहीत होतो, याचा. आणि गुत्ता बंद करणाऱ्या गावाने अपस्माराच्या मुलाचे औषध अडवले, असे काही झालेले नाही. या दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध उभ्या करणारे लोक गावाबाहेरचे असतात.

२३/ ज्यांना मूळ साधने पाहायची आहेत त्यांच्यासाठी : हेम्प ड्रग्ज कमिशनचे खंड स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर खुले ठेवले आहेत. मुंबई इलाख्याच्या साक्षी सातव्या खंडात सापडतील. प्रश्नावली सर्वांना एकच होती, तेव्हा एकच प्रश्न घेऊन मामलेदार, डॉक्टर आणि मिशनरी यांची उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून वाचा. गुरांच्या औषधासाठी गांजा वापरतात का, हा प्रश्नही त्यात आहे. नगरकरांनी आपापल्या तालुक्याची नावे शोधावीत आणि काही सापडल्यास खाली लिहावे.